लाँगबर्नच्या पाच मुली आणि आमच्या बहिणी

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या आमच्या पिढीने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी बहुधा गाइडमधूनच वाचली. डार्सीचा अहंकार, एलिझाबेथचा पूर्वग्रह आणि शेवटी दोघांचे मनोमीलन, एवढे पाठ केले की एक मोठा प्रश्न सुटत असे. आम्हीही तेच केले, पास झालो आणि पुस्तक विसरलो. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या फुफींनी हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला. त्याच सुमारास ही कादंबरी पुन्हा आमच्या हाती आली. या खेपेला ती प्रेमकथा वाटली नाही. वाटा नाकारल्या गेलेल्या मुलींची ती कैफियत वाटली.

दोनशे वर्षांहून जुनी ही कादंबरी आजही का वाचली जाते, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथून सापडू लागले.

प्रथम थोडा इतिहास. जेन ऑस्टिनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात, स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील तिथले पाद्री. वयाच्या एकविसाव्या वर्षी तिने या कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला. त्याचे नाव वेगळे होते, ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. १७९७ साली वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारणा केली. प्रकाशकाने हस्तलिखित पाहण्याचीही तसदी घेतली नाही. तब्बल पंधरा वर्षांनी, पुन्हा लिहून काढलेली ही कादंबरी टॉमस एगर्टन या प्रकाशकाने ११० पौंडांना कायमची विकत घेतली. जेनला १५० हवे होते. २८ जानेवारी १८१३ रोजी पुस्तक तीन भागांत बाहेर पडले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या लेखकाकडून, एवढाच उल्लेख होता. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, पण हक्क विकून टाकलेले असल्याने तिच्या पदरी आणखी एक पेनीही पडली नाही.

आता कथेतले घर पाहू. लाँगबर्न गावचे बेनेट हे जमीनदार. इस्टेटीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पाच मुली, मुलगा नाही. या इस्टेटीवर ‘एन्टेल’ नावाचे बंधन आहे. पूर्वजांपैकी कोणीतरी दस्तऐवज करून ठेवला की मालमत्ता पुरुष वारसाकडेच जाईल. म्हणून बेनेटसाहेब फक्त हयातीपुरते उपभोगाचे धनी. त्यांना ती विकता येत नाही आणि मृत्युपत्राने मुलींना देताही येत नाही. त्यांचे डोळे मिटले की सारे काही कॉलिन्स नावाच्या दूरच्या भाऊबंदाकडे जाणार. हा कॉलिन्स पाद्री आहे, तोंडपुजा आहे आणि एका बड्या बाईच्या मर्जीवर जगतो.

बेनेटसाहेबांचा हिशेब वेगळाच होता. त्यांना वाटले, मुलगा होईल, सज्ञान झाला की बाप-लेक मिळून कायद्याने हे बंधन मोडतील आणि मग बायकोमुलींची सोय लागेल. या भरवशावर त्यांनी काटकसर केली नाही. एकामागून एक पाच मुली झाल्या आणि शिल्लक टाकायची वेळ निघून गेली. मुलग्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला आणि त्या नादात मुलींसाठी काहीच न ठेवणारा बाप आपल्याला काही अनोळखी नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळचा इंग्लंडचा सर्वसाधारण कायदा ज्येष्ठ पुत्राला झुकते माप देणारा होता हे खरे. पण मृत्युपत्र न करता बाप वारला आणि मुलगा नसला, तर जमीन सगळ्या मुलींना सारखी मिळत असे. कादंबरीतली लेडी कॅथरिन हेच ठसक्यात सांगते, की तिच्या नवऱ्याच्या घराण्यात मुलींना डावलण्याची गरज कोणाला वाटली नाही. तिची एकुलती एक मुलगी अफाट इस्टेटीची वारस आहे. म्हणजे लाँगबर्नच्या मुलींचा घास काढून घेतला तो एका कागदाने. कोणा पुरुषाने केव्हातरी तो लिहिला आणि पुढच्या साऱ्यांनी तो नशिबाचा लेख असल्यासारखा मान्य केला.

दुसऱ्या वाचनात आम्ही पुस्तक मिटले आणि कागद-पेन्सिल घेतली. हे बेनेट कुटुंब मुसलमान असते तर काय झाले असते? सूरा अन-निसामध्ये वाटे ठरवून दिले आहेत. मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. मुलगा नसून दोन किंवा अधिक मुली असतील तर त्या सर्वांना मिळून दोन-तृतीयांश. उरलेले पुरुषवंशातल्या जवळच्या नातलगाला. कॉलिन्स तसा नातलग आहे असे धरू. २४ भाग केले तर पत्नीला ३, पाच मुलींना १६ आणि कॉलिन्सला ५. वर्षाच्या २,००० पौंडांपैकी बेनेटबाईंना २५० आणि प्रत्येक मुलीला सुमारे २६६ पौंड. कॉलिन्सही उपाशी राहत नाही, त्याला ४१६च्या आसपास मिळतात.

कादंबरीत काय मिळते? एलिझाबेथला मागणी घालताना कॉलिन्स स्वतःच ते सुनावतो. आईच्या पश्चात तिच्या वाट्याला येतील ते १,००० पौंड, चार टक्के व्याजाचे. म्हणजे वर्षाला ४० पौंड. कुठे २६६ आणि कुठे ४०! बेनेटबाई सारखी मुलींच्या लग्नाची घाई करते म्हणून वाचक तिला हसतात, आम्हीही हसलो होतो. हा हिशेब मांडल्यावर हसू आटले. ती बाई मूर्ख असेल, पण घरात भविष्याची काळजी करणारी तीच एकटी होती.

हा हिशेब वाचून आपल्यापैकी कोणाची छाती अभिमानाने फुगली असेल, तर जरा थांबावे. आपल्याकडचा इतिहासही पाहावा.

ही कादंबरी आल्यानंतर ३४ वर्षांनी, १८४७ साली, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक खटला चालला. खोजा समाजातील मुलींनी पित्याच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे वाटा मागितला होता. विरुद्ध बाजूने सांगितले गेले की आमच्या जमातीत मुलींना वाटा देण्याची रूढी नाही. कच्छी मेमनांचा तसाच प्रश्न त्याबरोबर विचारात घेतला गेला. सर अर्स्किन पेरी या इंग्रज न्यायमूर्तींनी निकाल दिला की रूढी सिद्ध झाली आहे, तेव्हा तीच चालेल. दृश्य डोळ्यांसमोर आणा. कुराणाचा आधार घेऊन बायका उभ्या आहेत आणि रूढीची ढाल पुढे करून त्यांना वाटा नाकारणारे त्यांच्याच जमातीचे आहेत. लाँगबर्नच्या मुलींजवळ कायदा नव्हता. मुंबईच्या या मुलींजवळ खुद्द अल्लाचा आदेश होता, तरीही दोघींच्या हाती काही आले नाही.

पुढे १९३७ साली शरियत कायदा झाला. रूढी बाजूला सारून वारसा, विवाह, मेहेर अशा बाबतींत शरियत लागू करणे हा त्याचा उद्देश होता. पण त्याच कायद्यातून शेतजमिनीचे प्रश्न वगळले गेले. ज्या समाजात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेती, तिथे हे वगळणे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

इंग्रज बाईची स्थितीही काही हेवा करण्याजोगी नव्हती. १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत लग्न होताच बायकोचा पैसाअडका नवऱ्याचा होत असे. आपल्याकडे बायकोची मिळकत बायकोचीच, हे तेरा-चौदा शतकांपूर्वीच ठरले होते. पण ठरणे वेगळे आणि हाती पडणे वेगळे.

कादंबरीतली आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारी व्यक्ती म्हणजे शार्लट ल्यूकस. एलिझाबेथची मैत्रीण, वय २७, रूप बेताचे, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती दोन-तीन दिवसांत होकार देते. तिला तो आवडत नाही, पण डोक्यावर छप्पर मिळेल, भावांवर ओझे होणार नाही. लेखिका तिला दोषी ठरवत नाही. आणि हे लिहिण्याचा तिला अधिकार होता. २ डिसेंबर १८०२ रोजी खुद्द जेनला एका श्रीमंत घरातल्या तरुणाने मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि रात्र सरताच सकाळी तो परत घेतला. तेव्हा तिला सत्ताविसावे वर्ष लागायला नव्हे, पुरे व्हायला अवघे पंधरा दिवस उरले होते. १८०५ साली वडील वारले. आई आणि दोघी बहिणी भावांच्या वर्गणीवर जगू लागल्या. १८०९ साली एका भावाने चॉटन येथे राहायला घर दिले, तेव्हा कुठे तिची लेखणी पुन्हा जोमाने चालू लागली. नकाराची किंमत काय असते ते तिने शार्लटच्या बाजूनेही पाहिले होते आणि एलिझाबेथच्या बाजूनेही.

आपल्या निकाहात मुलीची संमती विचारली जाते. वकील आणि साक्षीदार आत जातात, पडद्याआडून ‘कबूल’ ऐकू आले की बाहेर खजूर वाटले जातात. पण ज्या मुलीच्या नावावर काहीच नाही, ती ‘नाही’ कशाच्या बळावर म्हणणार? नकाराचा अधिकार धर्माने दिला, त्याला लागणारा आधारही धर्मानेच वारशाच्या रूपाने दिला. आपण पहिला कागदावर ठेवला आणि दुसरा सोडवून घेतला.

धाकटी लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते, तो प्रसंगही असाच. विकहॅम लग्नाला राजी होतो तो डार्सी त्याचे हजाराहून अधिक पौंडांचे कर्ज फेडतो आणि वर आणखी रक्कम लावून देतो तेव्हा. नवरदेव विकत घेतला जातो. हे वाचून आपल्याकडची लग्ने आठवल्यावाचून राहत नाहीत. मेहेर उधार आणि जहेज रोख, असा आपला व्यवहार झाला आहे.

१९४३ च्या डिसेंबरात न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या चर्चिलना त्यांच्या मुलीने ही कादंबरी वाचून दाखवली होती. या माणसांची आयुष्ये किती निवांत होती, असे त्यांना वाटले. एवढे युद्ध चालले असताना वाटणारच. पण लाँगबर्नमध्ये कोणीही निवांत नव्हते. तिथले युद्ध दिवाणखान्यात चालले होते आणि ते अजून संपलेले नाही, म्हणून पुस्तकही संपलेले नाही. २००४ साली गुरिंदर चढ्ढा यांनी ही कथा चित्रपटातून अमृतसरला आणली. २०१९ साली सोनिया कमाल या लेखिकेने ‘अनमॅरेजेबल’ या कादंबरीत ती पाकिस्तानात नेली. दोन्हीकडे ती परकी वाटली नाही. २०१७ पासून जेन ऑस्टिनचे चित्र इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर आहे. ११० पौंडांत जिचे हक्क विकले गेले तिचा चेहरा आज देशाच्या चलनावर आहे, याला काय म्हणावे!

एलिझाबेथचे शेवटी भले झाले. वर्षाला १०,००० पौंडांचा धनी असलेला डार्सी तिला मिळाला. वाचकाला बरे वाटते, आम्हालाही वाटते. पण डार्सी सगळ्यांना मिळत नाही. म्हणूनच तर वाटे ठरवून दिलेले असतात, दैवावर सोडलेले नसतात.

आमच्या फुफींनी कागदावर अंगठा उठवला त्या दिवशी घरात बिर्याणी झाली होती. भावांनी त्यांना साडी नेसवली. ‘बहिणीने माफ केलं,’ असे सगळे म्हणत होते. फुफीही हसत होत्या. मुलींचे माहेर तुटू नये म्हणून त्या हसत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. कळायला परक्या मुलखातल्या पाच मुलींची गोष्ट दुसऱ्यांदा वाचावी लागली. त्या अंगठ्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून जी सही आहे, ती आमची आहे.