जाऊ दिलेले गडी

आयपीएल खेळली जाते एप्रिल-मेमध्ये, पण माझ्या मते ती ठरते दिवाळीच्या आसपास. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणाची अदलाबदल झाली याच्या याद्या येतात आणि आमच्या माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून घोडपदेवच्या नाक्यापर्यंत, जो भेटेल तो निवड समितीचा अध्यक्ष असतो. चहाच्या टपरीवर कोटींच्या खाली कोणी बोलत नाही. खिशात लोकलच्या पासापुरते पैसे असले तरी!

या चर्चांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्या माणसाला काढायला नको होतं." आपला माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. म्हणून या शनिवारी बसून मुंबईने आजवर सोडलेल्या आणि परत आणलेल्या खेळाडूंचा थोडा इतिहास जुळवून पाहिला. मुंबई म्हणजे मुंबई इंडियन्स आणि रणजीची मुंबई, दोन्ही. दोघांची तिजोरी वेगळी आहे, पण खोड एकच आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करू. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. यातलं सगळ्यात विलक्षण वर्ष म्हणजे १९७०-७१. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड ही सगळी मंडळी भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये. मागे उरलेल्या पोरांना घेऊन सुधीर नाईक यांनी संघ उभा केला आणि अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवलं. अर्धा संघ परदेशात असताना उरलेल्या अर्ध्याने करंडक जिंकला! मुंबईकडे गडी किती होते याचा याहून मोठा पुरावा नसेल. पण पुढे काय झालं? मोठे खेळाडू परत आले, पुढचा मोसम सुरू झाला आणि करंडक जिंकून देणाऱ्या कर्णधाराला अकरा जणांत जागा उरली नाही.

यात कोणी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. गावसकर परत आल्यावर कोणाला तरी बसावं लागणारच. मुद्दा असा की ज्याच्या घरात भांडी भरपूर, तो एखादं हरवलं तर शोधत बसत नाही. मुंबईची सवय तिथली आहे.

त्याच सुधीर नाईकांची पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. श्रीरामपूरहून आलेल्या जहीर खान नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला त्यांनी आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबात घेतलं. म्हणजे पोरगा मुंबईच्या मैदानांवर तयार होत होता. मग तो चेन्नईला एमआरएफच्या वेगवान गोलंदाजांच्या शाळेत गेला आणि रणजी खेळायला लागला तो बडोद्याकडून. २००० साली भारताकडून कसोटी खेळला तेव्हा तो बडोद्याचा होता. २०००-०१ चा रणजी करंडक बडोद्याने जिंकला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मुंबईकडून तो रणजी खेळला थेट २००६-०७ मध्ये, तोही बंगालविरुद्धचा अंतिम सामना. वानखेडेवर नऊ बळी घेतले आणि करंडक मुंबईत आणला.

आता गंमत बघा. आयपीएल आली तेव्हा जहीर पहिल्या वर्षी बंगलोरच्या संघात. २००९ च्या मोसमाआधी मुंबई इंडियन्सने रॉबिन उथप्पा देऊन त्याला आणला. २०११ च्या लिलावात तो पुन्हा बंगलोरला गेला. २०१४ मध्ये पुन्हा मुंबईला. एकाच माणसाला हे शहर किती वेळा आणणार आणि किती वेळा सोडणार!

आमच्या लालबाग-परळच्या कबड्डीत बाद झालेला गडी उठवता येतो. समोरचा एक मारला की आपला एक आत. आयपीएलच्या लिलावातही गडी उठतो, पण दर वेळी नव्या भावाने. आणि मुंबई इंडियन्सचे हिशोब काढले तर मधल्या वर्षांचं नुकसान त्या भावापेक्षा मोठं निघतं.

सूर्यकुमार यादव घ्या. मुंबईचाच रणजीपटू. २०१२ मध्ये मुंबई इंडियन्सकडून त्याला एक सामना मिळाला. २०१४ मध्ये कोलकात्याने त्याला ७० लाखांत नेलं. चार मोसम तिथे काढून तो २०१८ मध्ये ३ कोटी २० लाखांना परत आला. २०२५ च्या मोसमात त्याने ७१७ धावा केल्या. अजिंक्य रहाणेही सुरुवातीला मुंबई इंडियन्समध्येच होता, मोजके सामने खेळला. आयपीएलमधलं शतक मात्र त्याने २०१२ मध्ये राजस्थानसाठी ठोकलं. शिखर धवनही इथे येऊन गेला.

यावर कोणी म्हणेल की सूर्या मुंबईच्या बाकावर बसून राहिला असता तर घडलाच नसता. खरं आहे. कोलकात्याने त्याला खेळवलं म्हणून तो घडला. म्हणून "सोडलं म्हणजे चुकलं" असा सरसकट नियम मी करणार नाही. उलटही उदाहरण आहे. रोहित शर्मा! बोरिवलीचा हा मुलगा पहिली तीन वर्षं डेक्कन चार्जर्सकडे होता. २००९ मध्ये त्याने हॅट्‌ट्रिक घेतली ती मुंबई इंडियन्सविरुद्ध, हे आज सांगितलं तर नवी पोरं विश्वास ठेवत नाहीत. २०११ च्या लिलावात मुंबईने त्याच्यासाठी २० लाख डॉलर मोजले. म्हणजे पाच करंडक (२०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०) आणणारा आपला माणूस हा दुसऱ्याच्या हातून सुटलेला माणूस होता.

तर मग हार्दिक पंड्याकडे येऊ. याच्यावरून माझगावात मित्रांची तोंडं वाकडी झालेली मी पाहिली आहेत.

हार्दिकला मुंबईने २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं, म्हणजे लिलावातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर. २०१८ च्या मोठ्या लिलावाआधी तिघांना ठेवलं: रोहित १५ कोटी, हार्दिक ११, बुमराह ७. आज ही यादी वाचताना बुमराहच्या पुढचा आकडा छापण्यात चूक झाली असावी असं वाटतं. मग आला नोव्हेंबर २०२१. नियम असा की चारच ठेवायचे आणि त्यांचे ४२ कोटी तिजोरीतून वजा. मुंबईने ठेवले रोहित (१६), बुमराह (१२), सूर्या (८) आणि चौथा कायरन पोलार्ड (६). हार्दिकला सोडलं.

त्या दिवशीचा हिशोब त्या दिवसापुरता समजण्यासारखा होता. हार्दिकची पाठ दुखत होती, तो नीट गोलंदाजी करत नव्हता. आणि पोलार्ड २०१० पासून या संघाचा. आपण प्रेक्षक ज्याला निष्ठा म्हणतो ती इथे अगदी शंभर टक्के पाळली गेली! पोलार्ड तेव्हा ३४ वर्षांचा, हार्दिक २८ चा. पोलार्ड २०२२ चा एक मोसम खेळला आणि निवृत्त झाला. हार्दिकने त्याच मोसमात नव्याकोऱ्या गुजरातला करंडक मिळवून दिला, अंतिम सामन्यात १७ धावांत ३ बळी घेऊन. मुंबई पहिले आठ सामने ओळीने हरली आणि तळाला गेली.

त्या लिलावातलं आणखी एक गणित बघा. इशान किशनला आधी ठेवलं नाही आणि मग लिलावात १५ कोटी २५ लाखांना परत घेतलं. म्हणजे बुमराहपेक्षा जास्त! २०२० चा अंतिम सामना गाजवणारा ट्रेंट बोल्ट राजस्थानने ८ कोटींत नेला. २०२४ च्या लिलावात तोच बोल्ट मुंबईने साडेबारा कोटींना परत आणला. घरातली वस्तू भंगारवाल्याला द्यायची आणि तीन वर्षांनी चोर बाजारात जास्त पैसे देऊन ओळखायची, तसला प्रकार.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज घडतं. चांगला माणूस राजीनाम्याचा ईमेल टाकतो तेव्हा साहेबांना त्याची पगारवाढ आठवते. तो गेल्यावर दोन वर्षांनी त्यालाच दीडपट पगारात परत बोलावतात आणि जे इमानाने बसून राहिले ते कॅन्टीनमध्ये एकमेकांकडे बघतात. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक गुजरातहून परत आला आणि १५ डिसेंबरला रोहितच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा लोकांना काय बोचलं ते मला समजलं. बसून राहिलेल्याला बाजूला करून परत आलेल्याला खुर्ची दिली होती. ज्या पद्धतीने दिली तीही धड नव्हती. रोहितला त्याहून मोठा मान मिळायला हवा होता, यात वाद नाही.

पण मग १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर जे झालं ते? राजस्थानविरुद्धच्या नाणेफेकीला घरच्याच मैदानावर घरच्याच कर्णधाराची हुर्यो. संजय मांजरेकरला माईकवरून लोकांना सांगावं लागलं की जरा नीट वागा. माझगावहून वानखेडेला जायला डॉकयार्ड रोडला हार्बरची गाडी पकडायची, सीएसएमटीला उतरायचं आणि पुढे चालत सुटायचं. एवढ्या वाटेत माणसाने विचार करावा ना की आपण रागावलोय ते नक्की कशावर? चूक झाली असेल तर ती २०२१ ला, त्याला जाऊ देताना. आपण शिक्षा दिली ती २०२४ ला, तो परत आला म्हणून. निर्णय मालकांचा, शिव्या गड्याला. आणि तीनच महिन्यांनी, २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्याने टाकलं. ४ जुलैला मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून आली आणि त्याच वानखेडेने त्याच्याच नावाचा जयघोष केला. तेच स्टेडियम, तेच लोक.

२०२४ च्या यादीबद्दल माझं मत ठाम आहे. मुंबईने पाच जणांवर ७५ कोटी खर्च केले: बुमराह १८, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. सगळी चर्चा वरच्या चार नावांची झाली, कोणाला कोणापेक्षा पाच लाख कमी मिळाले वगैरे. मला यादीतली खरी ओळ पाचवी वाटते. एकवीस वर्षांचा पोरगा, त्याला बाजारात जाऊच दिलं नाही. २०२१ चा धडा कोणीतरी वाचला होता म्हणायचं. पुढच्या वर्षी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने नाबाद ६९ केल्या, तेव्हा मला ती पाचवी ओळच आठवली.

मूळ खोड मात्र पूर्ण गेलेलं नाही. २०१९ मध्ये मुंबईने मयंक मार्कंडे दिल्लीला देऊन शेरफेन रुदरफोर्ड घेतला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने अदलाबदलीत कोणाला आणलं? कोलकात्याहून मार्कंडेला आणि गुजरातहून रुदरफोर्डला! डिसेंबरच्या लिलावात क्विंटन डी कॉकही परत आला, अवघ्या एक कोटीत. स्वस्तात मिळाला म्हणून आनंद आहे, पण तो तेव्हा ३३ ला टेकलेला. मधली चार वर्षं त्या एक कोटीत परत मिळत नाहीत.

आणि रणजीत? २००६-०७ चा करंडक जिंकणारा कर्णधार अमोल मुझुमदार २००९ मध्ये मुंबई सोडून आसामला गेला. भारताकडून एकही सामना न खेळलेला हा माणूस २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाचा प्रशिक्षक होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याला जायची परवानगी मागितली आणि मेमध्ये अर्ज मागे घेतला. पृथ्वी शॉ मात्र त्याच वर्षी महाराष्ट्राकडे गेला. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल. पण मुंबईत एक गेला तर दहा आहेत, हे वाक्य मी इतकी वर्षं अभिमानाने ऐकलं, ते आता मला थोडं आळशी वाटायला लागलंय. दहा असतात म्हणूनच त्या एकाकडे नीट बघायला हवं.

असो. पुढच्या याद्या येतील तेव्हा टपरीवर माझी एवढीच मागणी राहील. भांडायचं तर यादी लागते त्या दिवशी भांडा, ज्याला सोडलं त्याच्यासाठी. एकदा तो परत आला, निळे कपडे घालून मैदानात उतरला, की मग गप टाळ्या वाजवायच्या. त्याला आपणच जाऊ दिलं होतं.