गूढ टॅरो शिकताना पत्त्यांचा संच आणि पुस्तक कसे निवडावे?

टॅरोचे पत्ते घ्यायला गेले की शेकडो संच समोर येतात. मांजरांचे, देवदूतांचे, चित्रपटांतल्या पात्रांचेही. हौसेखातर पत्ते काढायचे असतील तर यातला कोणताही चालतो. हिब्रू अक्षरे, कब्बाला, राशी-ग्रह आणि तत्त्वे यांच्याशी जोडलेला गूढ टॅरो शिकायचा असेल, तर मात्र परंपरा ठरवून मगच खरेदी करावी. नाहीतर पुस्तकात एक आणि पत्त्यावर दुसरेच, अशी ओढाताण महिनोन्‌महिने चालते.

टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तोही खेळ म्हणून. ७८ पत्त्यांपैकी २२ हुकमाचे, त्यांनाच आज ‘मेजर आर्काना’ म्हणतात. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने त्यात प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडल्याचे जाहीर केले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. आजही हा दावा इतिहास म्हणून सांगणारे पुस्तक दिसले, तर ते परत ठेवलेले बरे. (टॅरोने भविष्य कळते याला वैज्ञानिक पुरावा नाही; इथे प्रश्न एका प्रतीकपद्धतीच्या अभ्यासाचा आहे.)

गोंधळ कुठे होतो?

१८५० च्या दशकात एलिफास लेव्हीने २२ पत्ते २२ हिब्रू अक्षरांशी जोडले. त्याने पहिले अक्षर ‘आलेफ’ जादूगाराला दिले आणि ‘फूल’ला २० व २१ क्रमांकांच्या मध्ये बसवले. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ संस्थेने ‘फूल’ सुरुवातीला आणून आलेफ त्याला दिले. परिणामी जवळजवळ प्रत्येक पत्त्याचे अक्षर सरकले. शिवाय जुन्या मार्सेय संचात ‘जस्टिस’ ८ आणि ‘स्ट्रेंग्थ’ ११ आहे, तर १९०९ च्या रायडर-वेट-स्मिथ संचात नेमके उलट. म्हणून फ्रेंच परंपरेचे पुस्तक आणि इंग्रजी परंपरेचा संच एकत्र घेऊ नये.

कोणता संच, कोणते पुस्तक?

बहुतेक नवशिक्यांना रायडर-वेट-स्मिथच सोयीचा. पामेला कोलमन स्मिथने त्यात एक्क्यांपुढच्या साध्या पत्त्यांवरही प्रसंग चितारले, त्यामुळे अर्थ चित्रावरूनच लक्षात राहतो. मूळचा म्हणून वेटचे १९११ चे पुस्तक अनेकजण घेतात आणि निराश होतात. गोल्डन डॉनची अक्षरे व ग्रहांची जोडणी त्यात दिलेलीच नाही, आणि ‘फूल’ही लेव्हीच्याच जागी आहे. चित्रे वाचायला रेचल पोलॅक यांचे ‘सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विझ्डम’ कितीतरी उपयोगी. गूढ अंगासाठी पॉल फॉस्टर केस यांचे १९४७ चे पुस्तक घ्यावे. त्यांच्या संस्थेचा संच तर काळ्या-पांढऱ्या रेषांत असतो. रंग विद्यार्थ्यानेच भरायचे.

अ‍ॅलिस्टर क्रोली आणि फ्रीडा हॅरिस यांचा थॉथ संच दुसऱ्या टप्प्यावर ठेवावा. क्रोलीचे १९४४ चे ‘द बुक ऑफ थॉथ’ थेट हाती घेतले तर दोन प्रकरणांत उत्साह मावळतो. आधी लॉन मायलो ड्यूकेट यांचे २००३ चे सोपे विवरण वाचावे. कब्बालासाठी डायन फॉर्च्युन यांचे ‘द मिस्टिकल कबाला’ दोन्ही वाटांवर चालते.

ज्योतिष जाणणाऱ्या मराठी वाचकाला एक गोष्ट ओळखीची वाटेल. गोल्डन डॉनने २ ते १० क्रमांकांचे ३६ पत्ते राशीच्या दहा-दहा अंशांच्या भागांना दिले, म्हणजे आपले द्रेष्काणच. पण स्वामी सारखे नाहीत. मेषेचे पहिले दोन स्वामी, मंगळ आणि रवी, जुळतात; तिसरा आपल्याकडे गुरू, तिथे शुक्र. राशीही सायन धरलेल्या असतात. निरयन पंचांगाशी त्यांची सांगड घालायला जाऊ नये.

खरेदी करताना पत्ते मोजावेत. ‘ओरॅकल’ म्हणून विकले जाणारे संच टॅरो नव्हेत. स्वस्त नकली संचांत चित्रे कडेने कापलेली आणि बारीक चिन्हे पुसट असतात. गूढ अभ्यास तर त्या चिन्हांचाच असतो. थॉथच्या काही आवृत्त्यांत मात्र ८० पत्ते निघतात. ती छपाईची चूक नव्हे. हॅरिस यांनी रंगवलेली ‘मेगस’ची आणखी दोन चित्रे त्यात घातलेली असतात, तिघांतला एक ठेवून बाकीचे दोन बाजूला काढावेत.