एका दारीं दोन द्वारपाल

बालाघाटाच्या डोंगरांतील धारूरचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानें इ. स. १५६७ त बांधिला. दोनच वर्षांत तो अहमदनगरच्या निजामशहाकडे गेला, आणि १६३१ त शहाजहान बादशहाचा सेनापति आझमखान यानें तो मोंगलाईंत सामील केला. एवढ्या ओढाताणीचें कारण किल्ल्याच्या दगडांत शोधूं नये. तें घाटांत आहे. उत्तरेकडील गोदावरीकांठचा सखल मुलूख व दक्षिणेकडील पठार यांना जोडणारी वाट येथून चढते, आणि ज्याच्या हातीं वाटेचें तोंड त्याच्या हातीं पलीकडची बातमी. किल्ला म्हटला कीं दरवाजा आला, दरवाज्याला देवडी आली आणि देवडीवर पहारेकरी आला. आंत कोण कोठें राहतो हें बाहेरच्याला ठाऊक नसे. बाहेरची चिठ्ठी देवडीपर्यंत येई, आणि ती आंत कोणाच्या हातीं द्यावयाची हें पहारेकऱ्यास ठाऊक असे. ही देवडी ध्यानांत ठेवावी. पुढील हकीकतींत तिचें काम आहे.

आगगाडी धारूर गांवीं आली नाहीं. जें आलें तें रस्त्यानें आलें, तारेनें आलें, आणि अलीकडे हवेंतून आलें. दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घरांत आणणारी पेटी ती मोडेम, आणि आलेला माल तारेवांचून घरभर वांटणारी पेटी तो राउटर. या दोहोंचा संसार मांडतां मांडतां गेल्या वीस वर्षांत कित्येक सुशिक्षित गृहस्थ मेटाकुटीस आले. दिवे सारे लागलेले असतात, तारा जेथल्या तेथें असतात, आणि तरीहि पान उघडत नाहीं. दोष पेट्यांचा नसतो आणि बहुधा गृहस्थांचाहि नसतो. तार व हवा हीं दोन निराळ्या घराण्यांचीं मुलें. त्यांच्या जन्माची हकीकत पाहिल्यावांचून भांडण कळत नाहीं.

तारेची हकीकत आधीं. मुंबई, आग्रा व कलकत्ता हीं शहरें १८५४ त तारायंत्रानें जोडलीं गेलीं. बेलनें १८७६ त दूरध्वनि सिद्ध केला आणि १८८१ त एक साधी युक्ति शोधिली, ती अशी कीं जाणारी व येणारी अशा दोन तारा वेणीसारख्या एकमेकींभोंवतीं पिळावयाच्या, म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडून परस्पर फिटतो. १८८२ त कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें दूरध्वनीचीं केंद्रें उघडलीं. बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें टपाल स्वतंत्र, तिकिटेंहि स्वतंत्र, आणि तें टपाल हिंदुस्थानच्या टपालांत विलीन झालें तें १९५० त. राज्यकर्ते बदलले तरी लहान गांवांचा दूरध्वनि दुर्मिळच राहिला. मोठ्या शहरांकरितां परदेशांत घडविलेलीं केंद्रें थंड, धूळरहित खोल्यांत ठेवावीं लागत, आणि आपल्या गांवांत थंडावाहि नव्हता व धूळ तर विपुल होती. ही अडचण सोडविण्याकरितां १९८४ त सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदा तिच्या अग्रभागीं होते. उष्म्यांत व धुळींत चालणारें १२८ तारांचें ग्रामीण केंद्र तिनें तयार केलें आणि १९८६ त कर्नाटकांतील कित्तूर येथें तें प्रथम बसविलें. पिंवळ्या पाटीचीं एस. टी. डी. केंद्रें खेडोपाडीं दिसूं लागलीं, त्यामागें हें काम आहे. आपल्या देशांत याहून मोठे गाजावाजे पुष्कळ झाले. याहून उपयोगी कामें थोडींच झालीं.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनें मोठ्या शहरांतील जनतेला इंटरनेट खुलें केलें. तें येई दूरध्वनीच्या तारेवरूनच, पण माणसाच्या आवाजाचें सोंग घेऊन. मोडेम किंकाळ्या व शिट्ट्या घाली आणि त्या आवाजांत अक्षरें भरलेलीं असत. आवाजाकरितां राखलेली जागा सेकंदास चार हजार कंपनांहूनहि कमी. तींत ५६ किलोबिटांपलीकडे गति जात नसे. शिवाय इंटरनेट चालूं असेतों दूरध्वनि मुका. लहान गांवच्या माणसाला तर शहरांतील केंद्राशीं बोलण्याचेंच भाडें भरावें लागे.

येथें अमेरिकेंतील बेलकोअर या संशोधनसंस्थेंतले जोसेफ लेचलाइडर यांचा विचार उपयोगीं पडला. तांब्याची तार चार हजार कंपनांशीं संपत नाहीं. त्यावरची सारी जागा रिकामीच पडलेली आहे. पण एका जाड केबलांत शेंकडों जोड्या शेजारीं शेजारीं असल्यामुळें एकीचें बोलणें दुसरीच्या कानीं पडतें. लेचलाइडर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं घराकडे येणारी गति मोठी व घरांतून जाणारी लहान ठेविली तर ही कुजबूज पुष्कळ कमी होते, आणि घरच्या माणसाला घेणें अधिक व देणें थोडें असल्यामुळें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांनीं ही रिकामी जागा सुमारें चार चार हजार कंपनांच्या २५६ अरुंद पट्ट्यांत वांटली. जी पट्टी खराब ती सोडावी, जी चांगली तिच्यावर अधिक भार घालावा. १९९३ च्या चांचणींत हीच पद्धति सरस ठरली. मूळ हेतु मात्र तारेवरून घरोघर चित्रपट दाखविण्याचा होता, हें सांगितलें म्हणजे पुष्कळांस हंसूं येतें.

नभोवाणीच्या श्रोत्यांना यांतली एक गोष्ट विशेष वाटेल. ही तार सेकंदास सुमारें अकरा लाख कंपनांपर्यंत चढते, म्हणजे मध्यम लहरींवरील नभोवाणीच्या मुलखांतच शिरते. खांबावरून लोंबणारी, जुन्या सांध्यांची तार मग आपोआप एरियल बनते आणि मोडेमाच्या कामांत गाण्याचे सूर मिसळतात. पूर्वी रेडिओंत तारेची खरखर ऐकूं येई. आतां तारेला रेडिओची खरखर होते.

लांबी हा या विद्येचा खरा शत्रु आहे. केंद्रापासून एक-दीड किलोमीटरांत नव्या जातीच्या मोडेमाला सेकंदास चोवीस मेगाबिटांपर्यंत गति मिळूं शकते. पांच किलोमीटरांपलीकडे जवळ जवळ कांहींच उरत नाहीं. हें अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचें नव्हे, तारेच्या वळणांचें. डोंगरउतारावरच्या गांवांत तार रस्त्याच्या कडेनें, ओढ्याला वळसा घालून जाते, आणि समोर दिसणारें घर तारेच्या हिशेबानें दूर पडतें. किल्ल्यावरून तोफेचा आवाज ऐकूं यावा आणि वाट मात्र दोन कोसांची असावी, तसेंच हें.

हवेची हकीकत याहून वेगळी. अमेरिकन सरकारनें १९८५ त कांहीं लहरी परवान्यावांचून वापरण्यास मोकळ्या केल्या. त्या इतरांनीं टाकलेल्याच होत्या. अन्न शिजविणारी मायक्रोवेव्ह भट्टीहि त्यांतलीच एक लहर वापरते. नेदरलंड्समधील एन. सी. आर. कंपनीच्या माणसांनीं दुकानांतील पैसे मोजण्याचीं यंत्रें तारेवांचून जोडण्याकरितां तिचा उपयोग केला, आणि त्यांच्यापैकींच व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखालीं १९९७ त सर्वांना मान्य होईल असा नियम ठरला. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा लागू असल्यामुळें असलें यंत्र परवान्यावांचून बाळगणेंहि गुन्हाच होता. जानेवारी १९०५ नव्हे, जानेवारी २००५ मध्यें केंद्र सरकारनें कमी शक्तीच्या यंत्रांना या लहरीवर परवान्यांतून सूट दिली. आणि त्याच जानेवारींत भारत संचार निगमनें डेटावन या नांवानें तारेवरचें जलद इंटरनेट सुरू केलें. जलद म्हणजे, त्या वेळच्या सरकारी व्याख्येप्रमाणें, सेकंदास निदान २५६ किलोबिट. एकाच महिन्यांत तार मोठी झाली व हवा मोकळी झाली. दोघांची सोयरीक तेथेंच ठरली म्हणावयाची. कुंडली मात्र कोणी पाहिली नाहीं.

आतां त्या देवडीकडे यावें. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतींत असे पत्ते सुमारें चारशें एकोणतीस कोटीच आहेत. ते पुरणार नाहींत हें ओळखून १९९४ त अशी तोड निघाली कीं बाहेर सबंध घराचा पत्ता एकच असावा, आंत प्रत्येकाला खासगी अंक द्यावेत, आणि दारावरच्या यंत्रानें कोणाची चिठ्ठी कोणाला हें ध्यानांत ठेवावें. १९९६ त अशा खासगी अंकांचे तीन गट कायमचे राखून ठेविले. हा तर धारूरच्या देवडीवरचा पहारेकरीच! घोटाळा होतो तो पहारेकरी दोन झाल्यावर. कंपनीकडून मिळणारा मोडेम पुष्कळदां नुसता मोडेम नसतो. तोहि अंक वांटतो. बाजारांतून आणलेला राउटर तेंच करितो. दोघांचा स्वतःचा अंक बहुधा १९२.१६८.१.१ हाच. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. एका घरांत एका नांवाचे दोन द्वारपाल तर मुळींच राहत नाहींत. चिठ्ठी आली कीं ती पुढें द्यावी कीं आपणच ठेवावी हेंच राउटरला उमजत नाहीं.

यावर उपाय दोन. पहिला असा कीं मोडेमाला पहाऱ्यावरून काढून नुसता पूल करावा. त्याच्या पाटीवर ‘ब्रिज’ म्हणून जी निवड असते ती हीच. मग तारेपलीकडच्या केंद्राशीं नांव व परवलीचा शब्द सांगून ओळख पटविण्याचें काम राउटर करितो. १९९९ त ठरलेल्या या रीतीला पीपीपीओई असें बोजड नांव आहे. मोडेमांत तारेवरील वाटेचे दोन अंक तेवढे बरोबर असावे लागतात, आणि ते भारत संचार निगमच्या तारेवर शून्य व पस्तीस असे असत. ओळखीच्या पाकिटाला आठ अक्षरांची जागा लागते म्हणून पंधराशेंच्या गठ्ठ्यांत १४९२ च मावतात. हा आंकडा चुकला तर कांहीं पानें उघडतात व कांहीं अर्धवट लटकतात, आणि माणूस वेगळ्याच दिशेला दोष शोधीत बसतो. दुसरा उपाय उलटा आहे. मोडेमाला द्वारपाल राहूं द्यावें, राउटरचें अंक वांटणें बंद करावें, त्याचा स्वतःचा अंक बदलून शेवटीं २ करावा, आणि तार त्याच्या वेगळ्या रंगाच्या बाहेरच्या छिद्रांत न घालतां आंतल्या चारांपैकीं एका छिद्रांत घालावी. परवलीचा शब्द ज्या चिटोऱ्यावर लिहिला होता तो ज्या घरांत सांपडत नाहीं, त्या घराला हाच उपाय बरा.

एवढें करूनहि मराठवाड्यांतील जुन्या घरांत हवा दगा देते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचें माळवद. उन्हाळ्याला याहून सुखाचें घर नाहीं, आणि बिनतारी लहरीला याहून कठीण घर नाहीं. भिंत ओलांडतांना लहर क्षीण होते, पाण्याच्या भरलेल्या टांकींत तर शोषून जाते. राउटर कपाटांत झांकून ठेवण्यापेक्षां मधल्या दाराच्या समोर उंचावर ठेवावा, किंवा पलीकडच्या खोलींत तार नेऊन तेथें दुसरा ठेवावा. मात्र त्यालाहि वर सांगितल्याप्रमाणें पहारा करूं देऊं नये.

तांब्याची ही तार आतां मागें पडत आहे. खुद्द तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. ग्रामपंचायतींपर्यंत कांचतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ त मंजूर केली, आणि कांचेंतून प्रकाश जात असल्यामुळें पांच किलोमीटरांची धास्ती उरली नाहीं. वीस किलोमीटरांवरचें घरहि तिला जवळचेंच. मध्यम लहरींचें गाणेंहि तींत शिरत नाहीं. तंतूच्या टोकाशीं जी नवी पेटी भिंतीवर बसते ती मात्र आपले अंक आपणच वांटते, आणि तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर पुष्कळदां पत्ता छापलेला असतो १९२.१६८.१.१.