तळटीप : बिली बॉस्टन

१२. लेखक इथे बॉस्टनला नुसतेच 'रग्बीपटू' म्हणतात, ते अपुरे आहे. तो 'रग्बी लीग'चा, म्हणजे तेरा जणांच्या संघाचा व्यावसायिक खेळाडू. बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून 1895मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले; लीगचे मूळ तिथे. पंधरा जणांच्या, तेव्हा हौशी असलेल्या 'युनियन'मधून जो लीगमध्ये जाई, त्याला त्या काळी परतीची वाट बंद असे.

बॉस्टन कार्डिफच्या टायगर बे या गोदीवस्तीतला, जन्म 1934. 1953मध्ये विगन या लीग क्लबची माणसे घरी आली. आकडा दुप्पट सांगितला की निघून जातील, असा आईचा हिशोब. त्यांनी तीन हजार पौंडांच्या नोटा टेबलावर मांडल्या आणि मुलगा गेला! वर्षभरातच तो ग्रेट ब्रिटनच्या संघाबरोबर परदेश दौऱ्यावर होता. अशा दौऱ्यावर गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 18 सामन्यांत 36 'ट्राय' (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे, तेव्हा त्याचे तीन गुण मिळत). विगनसाठी 488 सामन्यांत 478. म्हणजे जवळजवळ सामन्यागणिक एक, आणि तेही अंगाने चांगला भरलेला असताना.

1957मध्ये ब्रिटिश संघ परतीच्या वाटेवर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला थांबला, बॉस्टन मात्र तिकडे गेला नाही. चरित्रकोशांत हा प्रसंग ओळीभरात उरकतात, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला. 'सर' हा किताब त्याला 2025मध्ये मिळाला, वयाच्या नव्वदीत. रग्बी लीगमधला तो पहिलाच.