हिमनदीय भूरूपांचे नकाशांकन

हिमनदीय भूरूपांचे नकाशांकन म्हणजे हिमनदीच्या खनन, वहन व संचयन कार्यातून निर्माण झालेली भूरूपे ओळखून त्यांचे स्थान, विस्तार आणि परस्परसंबंध नकाशावर दाखविण्याची पद्धती होय. या कामी स्थलनिर्देशक नकाशे व अंकीय उंची प्रतिमाने ही दोन प्रमुख साधने वापरली जातात. हिमनदी पूर्वी कोठपर्यंत पोहोचली होती, ती किती मागे हटली आणि हिमोढांमागे साचलेल्या सरोवरांपासून खालच्या वस्त्यांना कितपत धोका आहे, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी अशा नकाशांवर अवलंबून असतात.

साधने

स्थलनिर्देशक नकाशात समान उंचीची ठिकाणे समोच्च रेषांनी जोडलेली असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या भूपत्रकांत उंच पर्वतीय प्रदेशासाठी लगतच्या दोन समोच्च रेषांमधील उंचीचा फरक सामान्यतः ४० मीटर असतो. अनेक देशांच्या नकाशांत हिमावरील समोच्च रेषा निळ्या आणि जमिनीवरील तपकिरी रंगाने छापतात.

अंकीय उंची प्रतिमानात भूपृष्ठाची चौकोनी घरांच्या जाळीत विभागणी करून प्रत्येक घराची उंची अंकात नोंदवितात. यालाच डिजिटल एलिव्हेशन मॉडेल किंवा डीईएम म्हणतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या अक्षांशांमधील भूभागाची उंची रडारद्वारे अकरा दिवसांत मोजली. त्यातून एसआरटीएम हे प्रतिमान तयार झाले. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहावर वेगवेगळ्या कोनांतून छायाचित्रे घेणारे दोन कॅमेरे होते. त्यांच्या जोडचित्रांपासून भारताचे कार्टोडीईएम बनविण्यात आले.

समोच्च रेषांवरून ओळख

हिमगव्हराच्या ठिकाणी समोच्च रेषा घोड्याच्या नालेप्रमाणे वळतात. कड्याजवळ त्या दाट, तर तळाशी विरळ असतात व तळात बहुधा लहान सरोवर आढळते. दोन हिमगव्हरांमधील शुककूट अरुंद कण्यासारखा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेषा दाट असतात. तीन किंवा अधिक बाजूंनी असे उतार एकत्र आले, की गिरिशृंग तयार होते. यू आकाराच्या दरीत काठांवर दाट रेषा व मध्ये रुंद, मोकळा तळ असतो. उपनदीची दरी मुख्य दरीला मिळताना रेषा अचानक एकवटल्या, तर तेथे लोंबती दरी असण्याची शक्यता असते.

हिमनदीच्या पृष्ठावरील रेषाही बोलक्या असतात. संचयन क्षेत्रात पृष्ठ अंतर्वक्र असल्याने त्या चढाच्या दिशेने वळतात. ऱ्हास क्षेत्रात पृष्ठ बहिर्वक्र असते व त्या उताराच्या दिशेने फुगतात. हा बदल जेथे होतो, त्या उंचीवरून समतोल रेषेचा अंदाज बांधतात. ही रीत हेस पद्धत म्हणून ओळखली जाते.

अंकीय प्रतिमानांचे विश्लेषण

प्रतिमानावरून उताराचे नकाशे, दरीचे आडवे छेद आणि छायांकित उठाव नकाशे काढता येतात. आडव्या छेदाला घातांकी वक्र जुळवून पाहिल्यास घातांक २ च्या जवळ असल्यास दरी यू आकाराकडे, तर १ च्या जवळ असल्यास व्ही आकाराकडे झुकते.

छायांकनात कल्पित प्रकाशाची दिशा महत्त्वाची असते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेले हिमोढ व हिमोढगिरी जवळजवळ अदृश्य होतात; म्हणून एकाच प्रदेशाची छायांकने अनेक दिशांनी करून ती ताडून पाहतात. लिडार तंत्राने वृक्षाच्छादनाखालील जमिनीचीही उंची मिळते. फिनलंड व स्वीडनमधील जंगलांखाली दडलेली मुर्टू नावाची त्रिकोणी हिमनदीय भूरूपे अशाच प्रतिमानांमुळे उजेडात आली.

गंगोत्री हिमनदीचे उदाहरण

उत्तराखंडातील गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब असून तिच्या गोमुख या मुखातून भागीरथी उगम पावते. तिच्या लगतचे ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग शिखर हे गिरिशृंगाचे ठळक उदाहरण आहे. दरीतील हिमोढांच्या अभ्यासावरून ही हिमनदी प्राचीन काळी आजच्या झाला गावापर्यंत पोहोचली होती, असे अनुमान काढण्यात आले आहे. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी गोमुख परिसराचा नकाशा तयार केला. पुढील मोजणीला त्याचा मोठा आधार झाला.

या हिमनदीच्या मागे हटण्याचा वेग ठरविताना जुन्या भूपत्रकांचा प्रश्न उभा राहिला. हवाई छायाचित्रांवर मोसमी बर्फ आणि दगडगोट्यांनी झाकलेला हिम वेगळा ओळखणे कठीण असल्याने काही नकाशांत हिमनद्यांच्या सीमा चुकीच्या आखल्या गेल्या. अशा सीमेशी आजच्या सीमेची तुलना केल्यास हिमनदी प्रत्यक्षापेक्षा अधिक घटल्याचा निष्कर्ष निघू शकतो. कोरोना उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांसह केलेल्या मोजणीत १९६५ ते २००६ या काळात गोमुख सुमारे ८२० मीटर, म्हणजे वर्षाला सरासरी २० मीटर मागे गेल्याचे आढळले.

मर्यादा व महत्त्व

समोच्च रेषांमधील अंतरापेक्षा कमी उंचीचा हिमोढ नकाशावर उमटेलच असे नाही. ३० मीटरच्या घरांच्या प्रतिमानात अरुंद हिमोढ पुसट होतात. रडारच्या लहरी कोरड्या बर्फात काही मीटर शिरत असल्याने हिमपृष्ठाची उंची कमी नोंदली जाते. जुनी भूपत्रके व उपग्रहीय प्रतिमाने यांच्या संदर्भपातळ्या भिन्न असतात. त्या एकरूप न करता उंचींची वजाबाकी केल्यास हिमाच्या जाडीतील बदल चुकीचा निघतो. दरड कोसळून झालेला ढिगारा नकाशावर हिमोढासारखाच दिसू शकतो. त्यामुळे प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी आवश्यक ठरते.

या अचूकतेचे मोल केवळ शास्त्रीय नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात बाजूचा हिमोढ कोसळला. त्यानंतर आलेल्या पुरात चुंगथांग येथील तीस्ता-३ जलविद्युत प्रकल्पाचे धरण वाहून गेले व मोठी जीवितहानी झाली. सरोवराचा विस्तार, त्याला अडविणाऱ्या हिमोढाचा उतार आणि पुराचा संभाव्य मार्ग यांची आगाऊ आखणी करण्यासाठी हीच नकाशांकन पद्धती उपयोगी पडते.