घोस्ट मारण्याची कुळकथा

घोडनदीत काय किंवा दौंडात काय, मे महिना उजाडला की कॉलेजच्या लॅबमध्ये एकच लगबग असते: ‘घोस्ट मारणं’. एक पीसी मन लावून तयार करायचा, त्यावर लिनक्स, जीसीसी, पोस्टग्रेस असं प्रॅक्टिकलला लागणारं सगळं बसवायचं आणि त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्या तीस-चाळीस मशीनवर नेटवर्कवरून उतरवायची. खरा घोस्ट आता कोणी वापरत नाही. क्लोनझिला असतं, नाहीतर फॉग असतं. मारतात मात्र घोस्टच.

मूळ घोस्ट न्यूझीलंडचा. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी तो १९९५च्या सुमारास लिहिला आणि १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतला. डिस्कची नक्कल करणं त्याआधीही होतंच. युनिक्समध्ये १९७४पासून ‘डीडी’ ही आज्ञा आहे. पण डीडीला डिस्कवर काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ५०० जीबीच्या डिस्कवर २० जीबी भरलेले असोत, ती पाचशेच्या पाचशे उपसते. १०० एमबीपीएसच्या जाळ्यावर एका मशीनला अकरा तास! घोस्टने फाइल सिस्टिम वाचली आणि वापरातला भाग तेवढाच उचलला. लिनक्समध्ये हीच युक्ती पार्टइमेजने आणि नंतर पार्टक्लोनने आणली. क्लोनझिला आज पार्टक्लोनच्या जिवावर चालतं आणि दोन्ही तैवानची आहेत. फॉग अमेरिकेतलं, २००७चं.

पार्टक्लोनचा एक हट्ट आपल्याकडे फार जाणवतो. फाइल सिस्टिम नीट बंद झालेली नसेल तर ते इमेज घ्यायलाच नकार देतं. दुपारी वीज गेली, यूपीएसने दोन मिनिटं कण्हत जीव सोडला आणि मास्टर पीसी तसाच बसला, की संध्याकाळी पार्टक्लोन लाल अक्षरांत ओरडतं. अशा वेळी इमेजिंगला दोष देऊ नये. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून आधी एफएसचेक चालवावं.

तीस मशीनवर इमेज उतरवायची, तर ती मशीन आधी नेटवर्कवरूनच सुरू झालेली बरी. या नेटवर्क बूटच्या घराण्याची एक चुलत शाखा पुण्यातही आहे, आणि ती सहसा कुणाला आठवत नाही. १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. या चिपची एक खोड मजेशीर होती. तिची एक पिन विशिष्ट स्थितीत ठेवली, की ती जवळच्या रॉमकडे न बघता आपल्या चार लिंकांवर कान लावून बसायची. ज्या लिंकवरून पहिली बाइट येईल ती तिची. बाइट दोन किंवा त्याहून मोठी असली तर तेवढ्या बाइटचा प्रोग्रॅम आत घ्यायचा आणि चालू पडायचं. मग तोच प्रोग्रॅम शेजारच्या चिपला पाजता यायचा, तिने पुढच्या चिपला. जवळ डिस्क नाही आणि सगळं तारेवरून मागायचं, हा प्रकार घोडनदीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर तेव्हापासून माहीत होता. पुढे २००७च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा आलेला ‘एका’ही पुण्याचाच. त्यात सतराशेहून जास्त नोड होते. तिथे पेनड्राइव्ह घेऊन कोण फिरणार?

लॅबच्या पीसीची थेट वंशावळ मात्र वेगळी. १९८१मध्ये टीएफटीपी प्रमाणित झाला: फाइल पाठवण्याची इतकी साधी रीत, की ती रॉममध्ये मावावी. ५१२ बाइटचा एक ठोकळा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. १९८५मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. डिस्क नसलेल्या मशीनने विचारायचं, ‘माझा पत्ता काय आणि मी कुठली फाइल उचलू?’ १९९३मध्ये डीएचसीपीने पत्तेवाटपाचं काम अंगावर घेतलं. इंटेलने या सगळ्यांची मोट बांधून पीएक्सई केलं, त्याची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ची आणि आजही बहुतेक मशीन तिच्याच रीतीने चालतात. त्याआधी नेटवर्क कार्डावर एक रिकामं सॉकेट असायचं आणि त्यात बूट रॉम खुपसावी लागायची. नॉव्हेलच्या काळातल्या लॅब ज्यांनी सांभाळल्या, त्यांना ते सॉकेट नक्की आठवत असेल.

वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गरजेपोटी जन्मलेली ही मंडळी आहेत. त्यामुळे माझ्या मते नेटवर्क इमेजिंगमधला बिघाड क्वचितच कुणा एकाच्या पोटात असतो. दोघांच्या सांध्यात असतो. स्क्रीनवर आलेला कोड कुठल्या सांध्याचा, एवढं ओळखलं की अर्धं काम झालं. ‘पीएक्सई-ई५१’ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही. लॅबमध्ये कुणीतरी वायफाय राउटर जोडून ठेवलेला असतो आणि तो आपल्या सर्व्हरच्या आधी पत्ता वाटून मोकळा होतो. ‘ई३२’ म्हणजे टीएफटीपीचं दार बंद: सेवा सुरू नाही, नाहीतर फायरवॉल आडवी आली.

ई५१चं एक कारण फार छळतं. १९८५मध्ये डेक कंपनीत राडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री शोधलं. दोन स्विचमध्ये चुकून दोन तारा जोडल्या गेल्या तर पॅकेट गोल गोल फिरत राहतात. त्यावरचा हा उपाय. जुन्या रीतीत स्विचचा पोर्ट जागा झाला की आधी पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मगच रहदारी सोडतो. तोवर काही मशीनचं पीएक्सई हात टेकून मोकळं होतं. शिवाय हे एकदाच घडत नाही. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे आणि कॉर्ड लाइन झाल्यावर तो खोळंबा टळला. तसं इथे आधी पीएक्सई, मग आयपीएक्सई, मग लिनक्सचा कर्नल अशी सूत्रं हातोहात जातात, आणि दर वेळी कार्ड नव्याने सुरू होऊन पोर्ट पुन्हा अर्धा मिनिट मुका होतो. म्हणून मेनू दिसतो, कर्नल उतरतो आणि नंतर ‘पत्ता मिळत नाही’ म्हणून सगळं अडतं. मॅनेज्ड स्विचवर त्या पोर्टांना पोर्टफास्ट लावलं की प्रश्न मिटतो. पोर्टफास्ट लावायचा पासवर्ड स्विच बसवून गेलेल्या कंत्राटदारालाच माहीत असेल, तर मध्ये एक साधा अनमॅनेज्ड स्विच टाकावा.

तीस मशीनना १५ जीबीची इमेज वेगवेगळी पाठवायची म्हणजे सर्व्हरच्या एकाच तारेतून ४५० जीबी. गिगाबिटवरही तासाहून जास्त. मल्टिकास्टमध्ये धार एकच सुटते आणि तीसही जण ती पितात. ही कल्पना स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांची. तिच्यात पोच घेण्याची सोय नाही. ती यूडीपीकास्टसारख्या प्रोग्रॅमने वरून जोडली. त्यामुळे सगळ्यांचा वेग सर्वांत हळू मशीनएवढा होतो. ‘सर, कालपर्यंत दहा मिनिटांत व्हायचं, आज तास झाला!’ असं असिस्टंट म्हणाला, की मी सर्व्हर उघडत नाही. प्रत्येक मशीनचा लिंकचा वेग बघतो. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. कुठल्यातरी पॅच कॉर्डची निळी किंवा तपकिरी जोडी क्रिम्पिंगमध्ये सुटलेली असते, नाहीतर उंदराने कुरतडलेली. ते मशीन तक्रार न करता १०० वर उतरतं आणि उरलेल्या एकोणतीस मशीनना मागे खेचतं.

दुसरा प्रकार: मल्टिकास्ट झोकात सुरू होतं आणि चारेक मिनिटांनी सगळीकडे एकदम थांबतं. इथे स्विचचं आयजीएमपी स्नूपिंग चालू असतं, पण ‘अजून कोण ऐकतंय?’ हे विचारणारा क्वेरिअर नसतो. २६० सेकंद कुणी काही विचारलं नाही की स्विच श्रोत्यांची यादी पुसतो. क्वेरिअर सुरू करावा, नाहीतर स्नूपिंग बंद करावं.

इमेज शंभर टक्के उतरल्यावरही सुटका नाही, कारण नकलेबरोबर ओळखही उतरते. जुन्या लिनक्समध्ये यूडेव्हची नियमफाइल मास्टरच्या कार्डाचा मॅक पत्ता जपून ठेवायची. नव्या मशीनवरचं कार्ड मग ‘ईथ-०’ऐवजी ‘ईथ-१’ व्हायचं आणि नेटवर्क गायब. २०१३पासून सिस्टिमडीने नावं देण्याची पद्धत बदलली तेव्हा हा त्रास गेला, पण त्याच सिस्टिमडीची मशीन-आयडी आली. काही उबंटूमध्ये डीएचसीपीला दाखवायची ओळख त्या आयडीवरून बनते. ती फाइल मास्टरवर रिकामी न करता इमेज घेतली, की अख्खी लॅब एकाच आयपी पत्त्यासाठी भांडते. एसएसएचच्या होस्ट-की आणि होस्टनेम यांचंही तेच.

अगदी अलीकडची खोड यूईएफआयची. बूटलोडर कुठे आहे याची नोंद तिथे डिस्कवर नसून मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते. डिस्कची नक्कल तंतोतंत झाली तरी ती नोंद मास्टरच्या बोर्डावरच राहते आणि नवं मशीन ‘बूट होण्याजोगं काही सापडत नाही’ म्हणतं. इमेज घेण्याआधी ईएफआय विभाजनातल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये बूटलोडरची एक प्रत ठरलेल्या पर्यायी नावाने ठेवावी. नोंद नसली की फर्मवेअर सहसा तीच शोधतं.