एका फुफ्फुसावर श्वास : दुहेरी नळी की फुगा?

छातीची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक शल्यचिकित्सकाची चौकशी करतात, भूलतज्ज्ञाची क्वचितच. वास्तविक अशा शस्त्रक्रियेत रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. क्षयानंतर छातीत साचलेला पू, फुफ्फुसातील गाठ किंवा अन्ननलिकेचा कर्करोग यांवर शस्त्रक्रिया करताना एक फुफ्फुस आक्रसून स्थिर ठेवावे लागते आणि श्वासोच्छ्वास दुसऱ्यावर चालवावा लागतो. त्यासाठी मुख्यतः दोन साधने आहेत.

पहिले साधन म्हणजे दुहेरी नळी. स्वीडनमधील कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये अशी नळी मांडली, तर १९६२ मध्ये रॉबर्टशॉ यांनी सुधारित नळी आणली. तिच्यात दोन स्वतंत्र मार्ग असतात. एकाचे टोक श्वासनलिकेत राहते, दुसऱ्याचे एका फुफ्फुसाच्या शाखेत जाते. त्यामुळे हवे ते फुफ्फुस झटकन बंद वा सुरू करता येते आणि प्रत्येक बाजूचा पू किंवा रक्त शोषून काढता येते. उजवी मुख्य शाखा आखूड असून तिच्या वरच्या खंडाचे तोंड लगेच सुरू होते. ते झाकले जाऊ नये म्हणून बहुतेक वेळा डाव्या बाजूची नळी वापरतात. मात्र ही नळी जाड व ताठ असते. जबडा कमी उघडणाऱ्या रुग्णात ती घालणे कठीण जाते आणि नंतर घसा दुखण्याचा त्रासही अधिक होतो.

दुसरे साधन ब्राँकियल ब्लॉकर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी. ती नेहमीच्या श्वासनळीतून सरकवून फुगा फुगवला की ती बाजू बंद होते. कठीण श्वासमार्ग, लहान मुले आणि शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर राहणारे रुग्ण यांच्यासाठी ती सोयीची ठरते, कारण शेवटी नळी बदलावी लागत नाही. परंतु फुफ्फुस आक्रसण्यास वेळ लागतो, फुगा सरकण्याची शक्यता अधिक असते आणि तिच्या अरुंद छिद्रातून घट्ट पू शोषता येत नाही. फुगा सरकून श्वासनलिकेत आला तर दोन्ही फुफ्फुसांचा मार्ग बंद होण्याचा धोका असतो.

म्हणूनच पू किंवा रक्तस्राव असेल, तर निरोगी फुफ्फुसाच्या रक्षणासाठी सामान्यतः दुहेरी नळीला प्राधान्य देतात. मात्र साधनाच्या निवडीइतकीच त्याची जागा महत्त्वाची आहे. रुग्णाला कुशीवर वळवताना नळी हलू शकते. त्यामुळे ब्राँकोस्कोप या बारीक दुर्बिणीने आधी आणि वळवल्यानंतर पुन्हा खात्री करणे हितावह असते. एकाच फुफ्फुसातून श्वास चालू असताना बंद फुफ्फुसातून वाहणारे रक्त प्राणवायूविना परतते. म्हणून रक्तातील प्राणवायूवर सतत लक्ष ठेवावे लागते.

खानदेशातील रुग्णांसाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१८ पासून जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालय शासकीय असो वा खासगी, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाईकांनी तीन प्रश्न विचारावेत : भूलतज्ज्ञांना अशा शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का? योग्य मापाची नळी आणि ब्राँकोस्कोप शस्त्रक्रियागृहात उपलब्ध आहेत का? नंतर अतिदक्षता विभागात खाट मिळेल का? उत्तर नकारार्थी असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर नाशिक किंवा मुंबईस जाण्याविषयी डॉक्टरांशी वेळीच चर्चा करावी.